टिटवीच्या पुंगळ्या

धोंडजी माझ्या दुकानात आला की आधी भांडी चावायचा.

यात तिखटमीठ काही नाही. महाडच्या बाजारात माझं तांब्यापितळेचं दुकान. गिऱ्हाईक भांडं कसं पारखतं हे बघण्यात माझी हयात गेली. बायका तळाला बोट फिरवतात, पुरुष हातात झुलवून वजनाचा अंदाज घेतात, आणि लग्नघरची मंडळी काही न बघता नाकं मुरडतात. धोंडजी मात्र तांब्या उचलायचा, त्याचा काठ समोरच्या दातांत धरायचा, डोळे मिटायचा आणि नखाने टिचकी मारायचा. मग तोंडात तांब्या घेऊन बराच वेळ तसाच उभा. एकदा नाते गावाहून आलेली एक म्हातारी त्याला त्या अवस्थेत बघून पायरीवरूनच मागे फिरली. माझ्या दुकानात अंगात आलेला माणूस उभा आहे, असं तिने पुढच्या दुकानात सांगितलं आणि घागरी तिथूनच घेतल्या.

बरं, एवढं करून धोंडजी भांडं घ्यायचा नाही. "आवाज जाड हाय," म्हणायचा आणि खाली ठेवायचा. त्याला भांडी नकोच असायची. त्याला हवं असायचं मोडीतलं पितळ, आणि तेही एकाच प्रकारचं. बंदुकीच्या काडतुसाच्या उडवून झालेल्या रिकाम्या पुंगळ्या.

हा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत राहायचा. चार घरांची वाडी, नाचणी-वरीची शेती. घाटाच्या रस्त्याची पाहणी करायला आलेला कुणी इंजिनेर साहेब तापाने पडला, तेव्हा धोंडजीने त्याला पाठीवर घालून पोलादपूरला आणलं होतं. साहेब वाचला. जाताना त्याने आपली बारीक नळीची रायफल आणि तिचा परवाना धोंडजीच्या नावाने करून दिला. रानडुकरं हाकायला बरी म्हणून. ही रायफल म्हणजे खेळण्यातली वाटावी अशी. बार उडाला की ठासणीच्या बंदुकीसारखा धडाम आवाज नाही. टिटवी ओरडावी तसा एक बारीक, चिरका आवाज. म्हणून घरात तिचं नाव टिटवी पडलं होतं. कुणी पाडलं ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

पुढे तिची काडतुसं मुंबईत मिळेनाशी झाली. विलायतेत ती घडवायचं बंद झालं म्हणे. दुसऱ्या कुणी ती बंदूक खुंटीला टांगली असती. धोंडजी दुसऱ्या बंदुकांच्या पुंगळ्या आणून त्यांच्यातून टिटवीच्या पुंगळ्या घडवायला लागला. साहेब लोकांची शिकार कुठे आहे हे त्याला मामलेदाराच्याही आधी कळायचं. जनावरं उठवायच्या हाक्याला तो हजर. शिकार पडली की बाकीची माणसं मांसाच्या वाट्याला धावायची आणि हा गवतात गुडघे टेकून पुंगळ्या वेचायचा. वाडीत त्याच्या वाट्याचं मांस दुसरेच खायचे आणि त्याला खुळा म्हणायचे.

वेचलेल्या पुंगळ्या घडवायला मात्र तो महाडला यायचा, कारण माझ्या दुकानामागे भट्टी होती. बारीक करवतीने तो पुंगळी लांबीला बेतायचा. मग परातीत पाणी ओतून तिच्यात त्या पुंगळ्या ओळीने उभ्या करायचा, कमरेपर्यंत पाण्यात. वरचा उघडा भाग फुंकणीच्या जाळाने लाल करायचा आणि लाल झाली की एकेक आडवी पाडायचा. चुर्र आवाज होऊन ती बुडायची. बुडाचा भाग पाण्यामुळे कडकच राहायचा, तोंड तेवढं नरम व्हायचं. मग लोखंडी साच्यात तेल लावून ती दाबायची, ठोकून बाहेर काढायची, कानस मारायची. "बूड ताठ, तोंड मऊ," तो सांगायचा. "उलटं झालं का फुटली." हे सांगताना तो माझ्या दिवाणजीकडे का बघायचा ते दिवाणजींनी त्याला कधी विचारलं नाही.

संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती परात बघायला मला आवडायचं नाही. पाण्यात उभ्या असलेल्या त्या पुंगळ्या बघून नदीत उतरलेल्या बायका आठवायच्या, आणि एकेक लाल होऊन पाण्यात जायची. मी हे हसत हसत त्याला एकदा बोललोसुद्धा. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "होय, नदीला पाणी बक्कळ हाय यंदा."

त्याचं सगळं बोलणं असंच. विचारावं एक, उत्तर दुसरंच. आणि नजर कायम माझ्या तोंडावर. माझा समोरचा एक दात सोन्याने मढवलेला आहे. माझी पक्की समजूत होती की धातूचं वेड लागलेल्या या माणसाचा त्या दातावर डोळा आहे. तो आला की मी ओठ मिटून बोलायचो. मी ओठ मिटून बोललो की तो आणखी वाकून बघायचा.

पुंगळी तयार झाली की तो तिच्या तोंडावर आडवी फुंकर मारायचा. शीळ वाजायची. मग मला विचारायचा, "शेट, बारीक का जाड?" मी दोन भांड्यांच्या आवाजातला फरक ओळखणारा माणूस, तेव्हा माझ्या कानाचा तो मान ठेवतो आहे असं मला वाटायचं आणि मी ऐटीत निकाल द्यायचो. नंतर तो ती दातांत धरून टिचकी मारायचा आणि माझा निकाल पडताळायचा. माझ्या बायकोने मात्र हा प्रकार बंद पाडला. दिवेलागणीला घरात शीळ घालायची नसते, शीळ ऐकून काय काय घरात येतं, असं ती दारात येऊन म्हणाली. तेवढं वाक्य धोंडजीला कसं कोण जाणे कळलं. त्याने तिच्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "येतं काय? खरंच येतं?"

त्या दिवशी ती लवकर दार लावून बसली.

आता तुम्ही विचाराल की हा एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्याने साधी ठासणीची बंदूक का घेतली नाही? मीही विचारलं होतं. "आवाज बदलंल," एवढंच उत्तर. डुकरांना आवाजाचं काय एवढं? यावर त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. कशाच्याही मध्ये, कुणालाही तो ते ऐकवायचा. "माणसाचा आवाज चकवा काढतो. बंदुकीचा नाय काढत."

चकवा म्हणजे काय ते आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. रानात, धुक्यात, दिवस मावळताना ओळखीच्या आवाजात हाक येते. त्या हाकेला ओ दिली किंवा तिच्या मागे गेलं की माणूस वाट चुकतो आणि फिरत राहतो. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मी धोंडजीचं ते वाक्य माझ्या दुकानात त्याच्या आवाजात म्हणून दाखवायचो आणि गिऱ्हाइकं हसायची.

मिठाच्या चळवळीचे दिवस होते. सरकारी माणसं सावलीला भ्यायची. पोलादपूरच्या डोंगरात कुणी काडतुसं बनवतो अशी चुगली कुणीतरी केली आणि जमादाराने धोंडजीला त्याच्या पुंगळ्यांसकट महाडच्या कचेरीत आणून उभा केला. पितळेतलं कळतं म्हणून पंच म्हणून मला बोलावलं. फौजदार देशावरचा, नवीन आलेला. सुपात पुंगळ्यांची रास. काही भरलेल्या होत्या. त्याने एक उलटीसुलटी करून बघितली, चाकूने टोक कोरलं, तर शिसं नाहीच. मेण.

"गोळी कुठे आहे?"

धोंडजीने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "गोळी नाय घालत."

"का?"

"कुणाला लागली म्हंजे?"

कारकून खाली बघून हसायला लागला. फौजदाराने विचारलं की कुणाला लागायची नाही तर मग बार कशाला उडवतोस? तेव्हा धोंडजी म्हणाला, हाक मारायला. हाक मारायला तुला तोंड नाही का, असं फौजदाराने विचारल्यावर ते वाक्य आलंच. "माणसाचा आवाज चकवा काढतो, सायेब."

फौजदार ताठ बसला. "हा चकवा कोण? कुठे राहतो? लिहून घ्या."

कारकुनाने मान वर न करता लिहून घेतलं. चकवा, राहणार डोंगरात. हे ऐकून मला हसू आवरेना, आणि माझा दात चमकलेला बघून धोंडजीही हसला. शेवटी परवाना खरा निघाला, वाडीच्या पाटलाने हमी दिली आणि रायफल परत मिळाली. पुंगळ्यांचं मात्र फौजदाराने आपल्या डोक्याने ठरवलं. भरलेल्यांतली दारू ओतून टाकली, सगळ्या ऐरणीवर घालून चेपवल्या आणि मग त्या चपट्या चकत्या धोंडजीच्या उपरण्यात ओतल्या.

तो कचेरीच्या पायरीवर बसला. एक चपटी पुंगळी दातांत धरून त्याने टिचकी मारली. परत मारली. मग उपरण्याची गाठ बांधली आणि माझ्याकडे आला.

"शेट, धुकं यायच्या आत मना पुंगळ्या होव्यात. तुमच्या मोडीत आल्या तर राखून ठेवा. दुसऱ्याला देव नका."

"ठेवीन," मी म्हटलं, "पण एवढी घाई कसली? डुकरं काय पंचांग बघून येतात?"

तो उपरणं खांद्यावर टाकून चालायला लागला. मला वाटलं, रागावला.

आषाढात एका साहेबाच्या बंगल्यावरचा खानसामा मोड घेऊन आला. फुटके दिवे, वाकडे चमचे, आणि तळाशी छोटं पोतं भरून पुंगळ्या. मी त्या बाजूला काढल्या. धोंडजी येईल म्हणून वाट बघितली, तो आला नाही. श्रावणात पोलादपूरला एका देवळाची घंटा पोचवायची होती. सर्व्हिस मोटार नदीपर्यंत, पुढे बैलगाडी. घंटा टांगून झाली आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, मी ते पोतं एका गड्याच्या डोक्यावर देऊन वाडीची वाट धरली.

वर गेलो तसं धुकं दाटत गेलं. पुढे चालणाऱ्या गड्याच्या डोक्यावरचं पोतंच तेवढं दिसत होतं, गडी दिसत नव्हता. पाण्याचे ओहोळ सगळीकडून वाजत होते. वाडीचा बांध लागल्यावर मी मोठ्याने हाक मारली, "धोंडजी!"

एका घराच्या दारात बसलेली बाई ताडकन उठली. चाळिशीची असावी. तिने मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि मग बोलली.

"इथं हाक मारू नका, शेट. कोण ओ देत नाय. आणि त्याला तर ऐकूच येत नाय."

ही काशी, धोंडजीची बहीण. विधवा होऊन भावाकडे राहिलेली. मी तिच्या ओटीवर टेकलो. ऐकू येत नाही म्हणजे काय, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की गेली पाच-सहा वर्षं धोंडजी ठार बहिरा आहे. कानाशी बार उडवून उडवून कान गेले. तो ओठांवरून बोलणं ओळखतो आणि आवाज दातांनी ऐकतो. हे बाहेर कळू द्यायचं नाही असं त्याने तिला बजावलं होतं.

माझी जीभ आपोआप सोन्याच्या दाताला लागली.

मग काशीने बाकीचं सांगितलं. दारातल्या धुक्याकडे बघत, सुपातली वरी पाखडता पाखडता सांगितलं. धोंडजीची बायको सगुणा. टिटवी हे नाव तिने पाडलेलं. बार उडाला की ती हसायची, "तुमची टिटवी बोलली." एका श्रावणात सगुणा आणि काशी टाकळ्याची भाजी खुडायला वरच्या उताराला गेल्या आणि धुकं उतरलं. हातातला विळा दिसेना. दोघी एकमेकींचा पदर धरून उभ्या राहिल्या. वाडीच्या बाजूने धोंडजी शोधायला निघाला. तो घाबरला होता. आजवर त्याने बायकोला नावाने हाक मारली नव्हती. आमच्यात कोण मारतं? "अगो", "ऐकलंस", एवढ्यावर संसार होतात. पण त्या धुक्यात "अगो" म्हटल्यावर कुठली बाई ओळखणार? म्हणून त्याने जिवाच्या आकांताने ओरडून हाक मारली, "सगुणे!"

"मी बोलले, वयनी, दादाच हाय," काशी म्हणाली. "तर मना बोलली, खुळी का गो तू? ते मना कदी नावानं हाक मारतात काय? ह्यो चकवा हाय. चल, लांब चल." काशीचं सूप थांबलं. "मी नाय हलले. तिथंच बसले. ती पदर सोडवून गेली. तो जवळ जवळ येत व्हता, हाका मारीत. आणि ती लांब लांब जात व्हती."

दुसऱ्या दिवशी धुकं वर गेलं तेव्हा काशी बसल्या जागी सापडली. सगुणा सापडली नाही. तिचा विळा नाही, लुगड्याची चिंधी नाही. कड्याखाली माणसं उतरवून बघितलं. काही नाही.

"तवापासून धुकं असलं का सांजचा एक बार काढतो," काशी म्हणाली. "टिटवी ती ओळखंल, बोलतो. ती कुकारा देयल, बोलतो."

डोंगरात एकमेकांना 'कू' करून साद घालतात, त्याला कुकारा म्हणतात. बार काढला की तो काशीला शेजारी बसवून घ्यायचा आणि तिच्या तोंडाकडे बघायचा. कुकारा आला का? ती नाही म्हणून मान हलवायची. इतकी वर्षं ती मान हलवत होती. यंदा पुंगळ्या नव्हत्या म्हणून बार नव्हता, तर तो नुसताच बांधावर बसून राहायचा.

"आज तुमी बसा, शेट," ती म्हणाली. "मना आता नाय बोलवत. पण येक ध्यानात ठेवा. काय बी ऐकू आलं तरी नायच बोला. होय बोललात तर तो कड्याखाली उतरंल."

धोंडजी बांधावर होता. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्याला मी दिसलो. पोतं सोडून दाखवलं. त्याने काही म्हटलं नाही, आत हात घालून एकेक पुंगळी दातांनी तपासायला लागला. मग उठून घरात गेला. परात, पाणी, फुंकणी. मी उंबऱ्यावर बसून बघत होतो. पाण्यात उभ्या ओळीने पुंगळ्या, आणि तो ओणवा होऊन त्यांच्या तोंडावर जाळ फुंकतो आहे. आज मला हसायचं काही सुचलं नाही. तिन्हीसांजेच्या आत त्याने एक पुंगळी बेतली, घासली, भरली. शिशाच्या जागी मेण.

आम्ही बांधावर जाऊन बसलो. समोर पांढरं, मागे पांढरं. त्याने नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. टिटवी बोलली. ऐन कानाशी, बारीक, चिरकी. समोरच्या कड्याने ती परत केली, त्याच्या मागच्याने आणखी एकदा, आणि मग सगळं बसलं. ओहोळांचा आवाज पुन्हा वर आला.

धोंडजी माझ्याकडे वळला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. नेहमीसारखाच, वाकून. या माणसासमोर मी वर्षानुवर्षं ओठ मिटून बोललो होतो.

आणि तेव्हा मला ऐकू आलं. खालून, उजव्या हाताला, पाण्याच्या आवाजाच्या पलीकडून. "कू…" लांबलेलं, बारीक. एखादा गुराखी असेल. पाखरू असेल. माझे कान बाराने भणभणत होते, तेही असेल. हे सगळं मी आज म्हणतो. त्या क्षणी मला एवढंच ठाऊक होतं की माझ्या चेहऱ्याकडे कुणीतरी डोळ्यांत प्राण आणून बघत आहे. मी चेहरा हलू दिला नाही.

"आला काय?" त्याने विचारलं.

मी ओठ स्पष्ट उघडून, दात दिसेल असा, म्हटलं, "नाही."

त्याने माझ्या ओठांवरची नजर काढून घेतली. "नाय तर नाय," म्हणाला. "उद्या."

रायफल उघडून त्याने पुंगळी काढली. ती अजून गरम असावी. त्याने ती दातांत धरून टिचकी मारली आणि मान डोलावली. "तुमची पुंगळी बरी हाय, शेट. आवाज तोच हाय. तिला कळंल."

सकाळी मी निघालो तेव्हा काशी बांधापर्यंत आली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "तुमाला बी कुकारा आला ना?" आणि उत्तराची वाट न बघता मागे फिरली.

महाडला पोचलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. दुकान उघडं होतं, दिवाणजी पेंगत होते. मी मागच्या दाराने घरात शिरलो. आत चुलीशी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. एरवी मी खाकरतो, किंवा "आलो गं" म्हणतो. मी ओटीवर उभा राहिलो आणि बायकोला तिच्या नावाने हाक मारली.

"यमुने."

भाकरीचा आवाज थांबला. आतून ओ आली नाही. मी परत हाक मारली नाही, नुसता उभा राहिलो. मग ती पिठाच्या हातांनी दारापर्यंत आली, चौकटीआड थांबली आणि तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं. पावलं सरळ आहेत अशी खात्री करून घेतली आणि मगच मान वर केली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

धोंडजीची नक्कल मी पुन्हा कधी केली नाही. पुंगळ्या आल्या की राखून ठेवतो, धुकं पडायच्या आत वर पोचत्या करतो. आणि घरात दिवसातून एकदा तरी यमुनेला नावाने हाक मारतो. पहिल्यांदा ती चिडायची, लोक काय म्हणतील म्हणायची. दिवाणजी अजून हसतात. हसू देत. माझ्या तोंडून तिचं नाव तिच्या कानाच्या ओळखीचं झालं पाहिजे. आता ती पहिल्या हाकेला ओ देते.